पाठीकडची बाजू

सोमवार, ४ फेब्रुवारी

हे लिहिणं औषध म्हणून चाललं आहे. उजव्या अंगठ्याचं मूळ सुजलंय, सुई धरली की कळ थेट कोपरापर्यंत जाते. हाताच्या डॉक्टरीणबाईंनी एक जाड पेन्सिल दिली आणि रोज अर्धं पान लिहायला सांगितलं. मी विचारलं, काय लिहू? तर म्हणाल्या, "ज्यांचे आभार मानावेसे वाटतात त्यांच्याबद्दल लिहा. बाकीच्या बायका गाऱ्हाणी लिहितात आणि रागारागाने पेन्सिल दाबून धरतात. त्याने अंगठा आणखी बिघडतो."

तर आभार. सव्वीस वर्षं मी पर्सच्या कारखान्यात हातशिलाई केली. दोन सुया आणि मेण लावलेला दोरा. माझ्याबरोबर लागलेल्या बायकांचे अंगठे दहा-पंधरा वर्षांत गेले, माझा सव्वीस वर्षं टिकला. नशीब माझं! कातडंही माझ्या वाट्याला नेहमी पातळ कडेचं यायचं. शेजारणी सुईशी झटापट करायच्या आणि माझी सुई लोण्यात गेल्यासारखी जायची. त्या कुरकुरल्या की मी म्हणायची, नशीब लागतं त्याला.

आज सूनबाईने बोलावलं. ती मालकांची सून, पण मालक थकल्यापासून सगळा कारभार तीच बघते, म्हणून कारखानाभर ती सगळ्यांची सूनबाई. म्हणाली, "काकू, सुई आता बंद. मी पुढच्या खोलीत दुकान काढलंय. तिथं उभ्या राहा आणि आपली कोर कशी वापरायची ते गिऱ्हाइकांना दाखवा. महिना बघू. वीस गेल्या तर कोर चालू ठेवू आणि तुम्ही दुकानात कायम. नाही तर मी कोर बंद करून चेनच्या हलक्या पर्सेस काढणार आहे. मग तुम्हाला..." पुढचं तिने गिळलं. मीही विचारलं नाही. घरी बसवणार, दुसरं काय?

कोर म्हणजे आमच्या कारखान्याची जुनी पर्स. मालकांनी तरुणपणी बसवलेला घाट. अर्ध्या चंद्रासारखी गोलाई, पुढे झाकण, झाकणाला पितळी खटका आणि एकच पट्टा. मी हजारोंनी शिवल्या असतील, पण खांद्याला एकदाही लावलेली नाही. मी आपली कापडी पिशवीवाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सूनबाईने तोंडावर खरं सांगितलं याबद्दल तिचे आभार. झोप मात्र येईल असं वाटत नाही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

पहिल्याच दिवशी फजिती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक उंच शिक्षिका. म्हणाली, "कशी दिसते ते जरा लावून दाखवा ना." मी कोर उचलली, खांद्याला अडकवली आणि आरशासमोर ताठ उभी राहिले. ती म्हणाली, "अहो, उलटी घेतलीत तुम्ही."

बघते तर खरंच. झाकण आणि खटका माझ्या बरगड्यांकडे, पाठ बाहेर. सव्वीस वर्षं शिवताना ती माझ्या मांडीतल्या लाकडी चिमट्यात पाठ माझ्याकडे करूनच बसायची, झाकण पलीकडे लोंबायचं. मला तिचा पुढचा भाग म्हणजे पाठच वाटते! कारखान्याबाहेरचं शेंबडं पोरही असली चूक करणार नाही.

मुकाट्याने फिरवून घ्यायची की नाही? पण जिभेला हाड नाही. म्हटलं, "उलटी नाही हो, ही अशीच घ्यायची. खटका अंगाकडे ठेवला की गर्दीत कुणाचा हात जात नाही, आणि तो कशात अडकतही नाही. बाहेरून नुसती गोलाई दिसते, बघा." तिने घेतली, आरशात वळून बघितली, कोपर हळूच पर्सवर टेकवलं आणि म्हणाली, "खरंच की. अशी जास्त छान वाटते." घेऊन गेली.

घरी वन्संना सांगितलं. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. हे गेले त्याला एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना सांभाळतोय, म्हणजे भांडतोय. त्या पोट धरून हसल्या. "पडले तरी नाक वर! तू आमच्या घराण्यातलीच शोभतेस गं."

आभार त्या शिक्षिकेचे. तिने मला तोंडघशी पाडलं नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी

आज एरंडेल दुकानात आला होता. हा आमचा कातडं कापणारा. एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा घेऊन सकाळी येतो आणि तोच घेऊन संध्याकाळी जातो, म्हणून कारखान्यात त्याचं नावच ते पडलं. बायको जाऊन बारा वर्षं झाली, पण चेहरा त्याच्याही आधीपासूनचा आहे. आत कारखान्यात पाण्याचा फिल्टर बिघडलाय, म्हणून दुकानातल्या बाटलीतलं पाणी प्यायला आला.

पाणी पिता पिता त्याचं लक्ष माझ्या खांद्याकडे गेलं. "ही काय तऱ्हा?"

म्हटलं, "अशीच खपतेय. काल एक गेली, आज दोन."

"अहो बाई, पाठ म्हणजे पाठ. झाकणाला मी कण्याजवळचं कातडं लावतो, उत्तम. पाठीला पोटाकडचं. ते ढिलं असतं, महिन्याभरात सुरकुततं. आणि तुम्ही लोकांना तेच दाखवताय?"

"मग काय करू? तीन बायकांना सांगून बसले. आता उद्यापासून उलटं सांगू?"

त्याने ग्लास आपटला नाही, पण ठेवला मात्र आपटल्यासारखा. जाताना म्हणाला, "सव्वीस वर्षं शिवून पर्सची पुढची बाजू कळली नाही!"

लागलं मला. खोटं कुठे बोलला होता? पण आज त्याचे आभार मानायचे नाहीत, डॉक्टरीणबाई काही म्हणोत.

शनिवार, ९ फेब्रुवारी

दोन दिवस लिहिलं नाही, काही घडलंच नाही. आज एक नर्सबाई आल्या. बुटक्या, खांदे उतरते. पट्टा सारखा घसरायचा आणि पर्स मांडीवर आपटायची. सगळ्यात वरच्या भोकात बक्कल घातलं तरी तेच. कोरच्या पट्ट्याला पाचच भोकं, पहिल्यापासून. त्या हिरमुसून निघाल्या. म्हटलं, पुढच्या आठवड्यात या, बघते काहीतरी. काय बघणार होते कोण जाणे.

एरंडेल तेव्हा पाणीच पीत होता. ग्लास खाली ठेवून आत निघून गेला.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

काय सांगू! आज नवी खेप आली तिच्या पट्ट्यांना नऊ भोकं. बुटक्या बाईपासून ताडमाड बाईपर्यंत सगळ्यांची सोय. मी धावत जाऊन सूनबाईचे आभार मानले. ती म्हणाली, "मी नाही सांगितलं. मला वाटलं तुम्हीच सांगितलंत." म्हणजे आपोआपच झालं की काय? हेही नशीबच म्हणायचं.

नर्सबाई आल्या. त्यांना पट्टा छातीवरून तिरका घ्यायला सांगितला, उजवा हात कामाचा म्हणून पर्स डाव्या कमरेला. दोन पावलं चालून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, ही तर अंगाला चिकटूनच चालते." मला इतकं बरं वाटलं की मीच त्यांच्याबरोबर दोन पावलं चालले.

आता मला त्यातलं थोडं कळायला लागलंय. पर्सचा खालचा काठ कमरेच्या हाडाशी यावा, त्याच्या खाली गेली की ती बाईला ओढत नेते. कोपर सहज टेकलं की पट्टा बरोबर. खास कार्यक्रम असला तर पट्टा दुमडून हातात धरायची, पण मग आत विटा भरायच्या नाहीत. आणि आरशात स्वतःकडे बघायचं, पर्सकडे नाही. हे शेवटचं मी मनाचंच सांगते, पण बायका लगेच ताठ उभ्या राहतात.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

अकरा गेल्या! आणि या खेपेच्या पाठी काय सुंदर आहेत. गुळगुळीत, घट्ट, हात फिरवत राहावा अशा. एकीलाही सुरकुती नाही. कातडंच चांगलं आलेलं दिसतंय. नशीब बलवत्तर असलं की असं होतं.

एरंडेलला मुद्दाम म्हटलं, "बघा, तुम्ही म्हणत होता सुरकुततील." तो म्हणाला, "दिसतंय." आणि दुसरा ग्लास भरून घेतला.

घरी वन्संना हे सांगितलं. त्या भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "त्या माणसाला पाणी फार लागतं गं." मी म्हटलं, फिल्टर बिघडलाय ना आतला. त्या म्हणाल्या, "असेल, असेल."

बुधवार, २० फेब्रुवारी

एरंडेल तीन दिवस तापाने घरी आहे. त्याच्या जागी दुसरा माणूस कापतोय. आज त्या नव्या माणसाची खेप आली आणि मी हबकलेच. पाठी ढिल्या, कडेला बारीक सुरकुत्या. एका वकीलबाईंनी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "तुम्ही हीच बाजू बाहेर ठेवायला सांगता ना? मग ही अशी का?" काय सांगणार? त्या निघून गेल्या, त्यांच्या मागे आलेली त्यांची मैत्रीणही गेली.

मी तणतणत आत गेले. नवा माणूस म्हणाला, "मावशी, माझ्यावर का चिडता? पाठीला पोटाकडचंच लावायची रीत आहे. ते हल्ली दोन्हीकडे कण्याजवळचं लावत होते. एका कातड्यात चार निघायच्या तिथं तीनच निघतात. सूनबाई दोनदा बोलल्या त्यांना. ऐकलंच नाही, नुसते मान खाली घालून कापत राहिले."

मी तिथल्या स्टुलावर बसूनच घेतलं. म्हणजे कातडं चांगलं आलं नव्हतं. मी थाप मारली आणि याने ती खरी करून ठेवली. भोकंही त्याचीच असणार. माणूस कडू आहे, पण कोरशी इमानी. कोर बंद पडू नये म्हणून त्याने बोलणी खाल्ली, नाहीतर त्याला काय पडलं होतं?

तीन दिवस पाण्याची बाटली भरलेलीच आहे. दुकान कसं ओकंबोकं वाटतं.

शनिवार, २३ फेब्रुवारी

आज तो कामावर आला. गालफडं बसली आहेत. मी आधीच ग्लास भरून ठेवला होता. म्हटलं, "बरं वाटतंय का?"

"मेलो असतो तर आलो असतो का?"

म्हटलं, "पाठींचं कळलं मला. भोकांचंही. फार उपकार झाले."

"उपकार कसले? माझ्या हातचं कातडं सुरकुतलेलं दिसलं तर नाव माझंच जाईल." आणि मग ग्लास ठेवता ठेवता, "वकीलबाई परत आली का?"

हे याला कुणी सांगितलं? घरी तापाने पडून याला इथल्या बातम्या कशा कळतात, देव जाणे.

बुधवार, २७ फेब्रुवारी

आजचं अर्ध्या पानात मावणार नाही.

दुकानात जुन्या पर्स दुरुस्तीलाही घेतो. आज दोन जुन्या कोर आल्या, दोन्हींची अस्तरं फाटलेली. अस्तर उसवायला ताकद लागत नाही, म्हणून मीच बसले. एकीची शिवण बघताक्षणी ओळखली, माझीच. शेवटी तीन टाके उलटे घेते मी. दुसरी शेजारच्या पाटावर बसणाऱ्या बाईची, तिचा अंगठा केव्हाच गेला.

अस्तराच्या आत मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. आमच्याकडे कातडं कापून झालं की खळवाली त्याला आतून खळ लावून अस्तर चिकटवते, आणि मग ते शिवायला आमच्या पाटावर येतं. आत काय आहे ते आम्हाला दिसतच नाही.

माझ्या पर्सचं अस्तर सोललं. आत रुपेरी पेनाने आकडा, ३. माझा पाट तिसरा. आणि जिथे जिथे माझी सुई जायची तिथे तिथे, सगळ्या कडेने, बोटभर रुंद कातडं धारदार पात्याने आतून तासून पातळ केलेलं. एकसारखं, निगुतीने, गोलाईवरसुद्धा. मग दुसरी पर्स उघडली. आकडा ४. कड जशीच्या तशी जाड.

मी दोन्ही घेऊन खळवालीकडे गेले. म्हटलं, हे काय आहे? ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, तुला माहीत नव्हतं? आम्हाला वाटायचं तुला माहीत आहे आणि तू बोलत नाहीस. तुझे यजमान गेले, तू पंधरा दिवसांनी परत कामाला आलीस, रडत रडत शिवायचीस आणि सुया मोडायचीस. तेव्हापासून तिसऱ्या पाटाच्या कडा तो जेवणाच्या सुट्टीत तासून ठेवतो. रोज."

रोज. एकोणीस वर्षं. आणि मी शेजारणींना सांगत होते, नशीब लागतं.

मी कारखान्याच्या मागच्या पायरीवर जाऊन पोटभर रडले. वाईट वाटून नाही. इतकं कुणी आपल्यासाठी केलं आणि आपल्याला पत्ताच नाही, त्याची शरम वाटली. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला, खूप.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

सकाळी थेट कापायच्या टेबलापाशी गेले. रात्रभर वाक्यं जुळवली होती, एकही आठवलं नाही. उघडी पर्स त्याच्यापुढे ठेवली.

"हे तुम्ही करायचात?"

त्याने बघितलं, परत कातड्याकडे वळला. "सुया मोडायच्यात तुम्ही. सुया कारखान्याच्या होत्या."

"एकोणीस वर्षं सुयांसाठी जेवणाची सुट्टी घालवलीत?"

"मला दुपारी भूक नसते."

"माझा अंगठा तुमच्यामुळे टिकला. बाकीच्यांचे गेले."

त्याने पातं पुसलं, परत पुसलं. शेवटी म्हणाला, "टिकला कुठे? सुजलाच की शेवटी. झाकणाच्या खालची कड जाड राहायची, तिथं पातं नीट फिरत नाही. कमी पडलो तिथं." आणि मग नेहमीच्या आवाजात, "आता बाजूला व्हा, टेबलावर सावली पडतेय."

मी बाजूला झाले. सव्वीस वर्षं बडबड करणारी बाई मी, साधं "आभारी आहे" तोंडातून निघालं नाही.

सोमवार, ४ मार्च

महिना भरला. सूनबाईने वही उघडली. तेवीस गेल्या. ती हसली आणि म्हणाली, "काकू, पाठ बाहेर ठेवून घ्यायची ही तुमची युक्ती भन्नाट आहे. शिकलात कुठे?"

मला गप्प बसता आलं असतं. जागा पक्की झाली होती. पण पाठीमागे कुणीतरी एकोणीस वर्षं गप्प राहून केलेलं काम काल-परवाच बघितलं होतं, मग फुकटचं श्रेय गिळवेना. सगळं सांगितलं. युक्ती नव्हती, चूक होती. मी थाप मारली, आणि ती उघडी पडू नये म्हणून त्याने कातडं बदललं, भोकं पाडली, तुमची बोलणी खाल्ली. "मला ठेवायचं असेल तर ठेवा, नसेल तर नका ठेवू. पण श्रेय निम्म्याहून जास्त त्याचं आहे."

सूनबाईने वहीच्या कडेला आकडेमोड केली. मग म्हणाली, "म्हणजे एका कातड्यात तीनच काढायच्या, हे आता कायमचं." आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडली, "ऐकलंत का? तीनच!" आतून नुसता पात्याचा आवाज आला.

मी राहिले. कोर राहिली. सूनबाईचे आभार, नर्सबाईंचे, त्या उंच शिक्षिकेचे. वन्संनी संध्याकाळी शिरा केला आणि करपवला, त्यांचेही.

मंगळवार, ५ मार्च

डॉक्टरीणबाईंनी अंगठा दाबून बघितला. सूज उतरलीय. म्हणाल्या, आता लिहायचं तर लिहा, नाही तर सोडून द्या.

सोडण्याआधी मागची पानं वाचून काढली. आणि जिथे जिथे "नशीब" लिहिलं होतं तिथे तिथे रेघ मारली. खोडलं नाही, खालचं दिसू दे. वर एरंडेल लिहायला गेले, पण हात धजेना. मग त्याचं खरं नाव लिहिलं. प्रत्येक ठिकाणी, पूर्ण नाव, वळणदार अक्षरात. सव्वीस वर्षांत मी ते कधी उच्चारलंसुद्धा नव्हतं.

वन्सं मागे उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं काहीतरी खोचक बोलतील. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "उशीर लागतो गं तुला, पण कळतं." त्यांना पर्सच्या कडांबद्दल म्हणायचं असणार.

आज तो तीनदा पाणी प्यायला आला. सूनबाई म्हणत होती, आतला फिल्टर गेल्या महिन्यातच दुरुस्त झालाय. बिचाऱ्याला कुणी सांगितलेलंच दिसत नाही. उद्या मीच सांगेन म्हणते. नाही तर राहू दे. ग्लास भरून ठेवायची आता सवय झाली आहे.